हौदातले पाय

बसा जरा असे पुढं सरकून. चहा येईल तेव्हा येईल, तोवर एक गोष्ट सांगतो. नम्रतेची गोष्ट आहे. लगेच तोंड पाडू नका, जांभया देत ऐकायची नाही ही. हिच्यात एक बाई आहे, जिला जन्मात कुणी नम्र म्हटलं नाही. आणि एक माणूस आहे, ज्याच्याइतका नम्र माणूस झाला नाही असं सगळे म्हणायचे. या दोघांची गाठ पडली ती पाय धुवायच्या घंगाळापाशी.

बाईचं नाव पडलं होतं ठसका. म्हणजे तिला खोकला होता असं नाही. ती बोलली की समोरच्याला ठसका लागायचा, म्हणून. नवरा होता तोवर तो म्हणायचा, हिच्याशी बोलायचं तर आधी पाणी पिऊन घ्यावं. तो गेला. एक मुलगा, तो लांबच्या फेऱ्यांवर ट्रक चालवायचा, महिना-महिना घराचं तोंड बघायचा नाही. घरात उरल्या दोघी, ठसका आणि तिची सून. दोघी एकाच कारखान्यात कामाला.

कारखाना कापड रंगवायचा. जाड कापड हो, तंबूचं, गाडीवर टाकायचं, उभं केलं तर आपल्या पायावर उभं राहील असलं. तसल्या कापडात हातानं रंग मुरत नाही. म्हणून जमिनीत हौद बांधलेले, त्यात पोटरीपर्यंत निळीचं पाणी, त्यात चुना. कापड हौदात सोडायचं आणि बायकांनी वर उभं राहून तुडवायचं. अनवाणी. सकाळी हौदात उतरायचं ते जेवणाला वर यायचं, पुन्हा उतरायचं ते सुटी झाली की वर.

आता या रंगाची एक खोड सांगतो, ती ध्यानात ठेवा, पुढं लागणार आहे. हौदात हा रंग निळा नसतोच. हिरवट, पिवळट, आजारी माणसाच्या तोंडासारखा असतो. कापड बाहेर काढलं, त्याला वारा लागला, की मग डोळ्यांदेखत ते निळं होत जातं. नवीन माणूस आ वासून बघत राहतो. माणसाच्या कातडीचंही तसंच. हिरवी वर येते आणि बघता बघता निळी पडते. एकदा पडली की मग घासा, खरवडा, काय वाटेल ते करा, ती आपल्या सवडीनं जाते.

तर या बायकांचे पाय घोट्याच्या वरपर्यंत निळे. नखं निळी, टाचेच्या भेगा निळ्या. कुठंही गेल्या तरी पाय आधी सांगायचे, आम्ही हौदातल्या.

कारखान्याचे मालक आमच्या ख्रिस्ती मंडळीचे, म्हणजे चर्चचे, मोठे पंच होते. मंडळीतला प्रत्येक निर्णय त्यांच्या मानेनं व्हायचा. पण माणूस कसा, तर आवाज कधी चढायचा नाही. कुणी भेटायला आलं की स्वतः उठून खुर्ची द्यायचे. उपासनेला आले की सगळ्यांत शेवटच्या बाकावर बसायचे, आणि कुणीतरी उठून त्यांना हाताला धरून पुढं नेईपर्यंत उपासना काही सुरू व्हायची नाही. प्रार्थनेला उभे राहिले की डोळ्यांतून पाणी. खोटं नव्हतं हां ते पाणी. मी जवळून बघितलंय. खरं पाणी होतं. म्हणूनच तर गोष्ट सांगायची.

सुनेच्या पायाला लागलं ते हौदाच्या काठाला. काठाची एक फरशी फुटली होती, तिचा कोपरा घोट्याला घासला. एवढंसं. दुसऱ्या कुणाला लागलं असतं तर विसरून गेला असता. पण जखम रोज चुन्याच्या पाण्यात. चुना काय करतो तुम्हाला माहीत आहे. ती मिटायचं नाव घेईना. बोराएवढी होती ती सुपारीएवढी झाली, मग कडा पांढऱ्या पडल्या. दवाखान्यातल्या डॉक्टरनं बघितलं आणि म्हणाला, पाय कोरडा ठेवा, नाहीतर एक दिवस पायच काढावा लागेल. कोरडा ठेवा. म्हणजे माशाला सांगितल्यासारखं. सून घरी बसली असती तर तिची जागा दुसऱ्या दिवशी दुसरीला गेली असती. हौदातली जागा कुणी राखून ठेवत नाही.

मग संध्याकाळी घरी आलं की ठसका पाणी कोमट करायची, जमिनीवर बसायची, सुनेचा पाय मांडीवर घ्यायची आणि धुवायची. बोट फिरवून फिरवून चुना काढायची, पुसायची, मलम लावायची. सुनेला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. सासूनं सुनेचे पाय धुवायचे म्हणजे काय. ती म्हणायची, आई, राहू द्या, लोक काय म्हणतील. आणि लोक म्हणायचेच. शेजारीण तर मुद्दाम खिडकीत उभी राहून केस विंचरायची. एकदा तिनं ऐकू जाईल अशा बेतानं म्हटलं, आजकालच्या सुना कुठवर चढल्यात बघा.

ठसका मान वर न करता म्हणाली, "तुम्ही पण या. रांगेत बसा, तुमचेही धुते."

त्या दिवसापासून शेजारणीची खिडकी बंद.

पण ठसकाला कळत होतं की रात्री धुवायचं आणि सकाळी पुन्हा चुन्यात बुडवायचं, यानं काही पाय राहायचा नाही. पायांत गमबूट पाहिजेत, गुडघ्यापर्यंतचे. ती सरळ मालकांच्या ऑफिसात गेली. मालक उठले, खुर्ची दिली. पाणी विचारलं. सगळं ऐकून घेतलं, अगदी मान हलवत हलवत. मग सांगितलं की बूट देता येत नाहीत, बुटाच्या तळव्यानं कापडावर वळ उठतात, माल परत येतो. आणि मग हात जोडून हळू आवाजात म्हणाले, "बाई, आपल्या प्रभूकडे बघा. एवढा मोठा, पण त्यानं स्वतःला रिकामं केलं, दास झाला. मारलं तरी सोसलं. आणि आपण पायाला पाणी लागतं म्हणून कुरकूर करायची?"

ठसकानं आपल्या निळ्या पायांकडं बघितलं. मालकांना वाटलं, लागलं मनाला.

ती म्हणाली, "प्रभू वरून खाली आला, मालक. आम्ही हौदात उभ्या आहोत. आम्ही अजून कुठं उतरायचं? मग खाली खणावं लागेल."

मालक हसले. रागावले नाहीत. मी तुमच्यासाठी प्रार्थना करीन म्हणाले आणि दारापर्यंत सोडायला आले. दाराबाहेर आल्यावर ठसका हौदांवरच्या मुकादमाला म्हणाली की हा माणूस शिव्या देणारा असता तर बरं झालं असतं, निदान उलट देता आल्या असत्या.

आता मंडळीतली रीत ऐका. वधस्तंभाच्या शुक्रवारच्या, गुड फ्रायडेच्या, आदल्या दिवशी, गुरुवारी संध्याकाळी, आमच्याकडे पाय धुवायची उपासना असते. प्रभू जेवणावरून उठला, कमरेला पंचा बांधला आणि शिष्यांचे पाय धुतले, त्याची आठवण. बारा खुर्च्या मांडतात, बारा जण बसतात, आणि मोठे पंच गुडघ्यांवर बसून त्यांचे पाय धुतात. चांदीच्या मुलाम्याचं घंगाळ, पांढराशुभ्र टॉवेल. फोटोवाला येतो. बघायला फार चांगलं वाटतं.

फक्त एक गोष्ट. त्या बारांत कोण असायचं, तर डॉक्टर, बँकेचे साहेब, शाळेचे मुख्याध्यापक, असे. आणि सगळे घरून पाय धुऊन यायचे. नुसते धुऊन नाही, वजरीनं घासून, नखं कापून, कुणी कुणी तर पावडर लावून. तिथं आल्यावर मागच्या खोलीत मालकांच्या खालचे दुसरे पंच पुन्हा एकदा पाय तपासायचे. म्हणजे प्रभूच्या नावानं जे पाय धुवायचे, त्यांत धुवायला काही शिल्लकच नसायचं. इतकी वर्षं हे चाललं होतं आणि कुणाला त्यात काही वावगं वाटलं नव्हतं. मलाही नाही, खरं सांगायचं तर.

त्या वर्षी नवीन पाळक, म्हणजे पाद्री, आला होता. तरणा होता, कान मोठे, बोलताना लाल व्हायचे. पंचांच्या बैठकीत त्यानं अडखळत अडखळत म्हटलं की यंदा बारांत एखादी हौदातली बाई बसावी. बँकेचे साहेब म्हणाले, टॉवेलला रंग लागेल. पण मालकांनी हात वर केला आणि म्हणाले, ठसकाबाईंना बसवू. सगळ्यांनी मनात म्हटलं, बघा, काय माणूस आहे. जिनं तोंडावर उलट उत्तर दिलं, तिचेच पाय धुवायला निघालाय.

मालकांनी ठसकाला बोलावून घेतलं. नीट समजावून सांगितलं. त्या आठवड्यात हौदात उतरायचं नाही. रोज लिंबानं पाय घासायचे, वजरी लावायची, मोजे घालून झोपायचं. गुरुवारपर्यंत जेवढा रंग उतरेल तेवढा उतरवायचा. ठसकानं एकच विचारलं, बूट?

मालक म्हणाले, "गुरुवारी लीन होऊन बसा. देवाची इच्छा असली तर सणानंतर बुटांचं बघू."

ठसकाच्या जिभेवर आलं होतं, देवाची इच्छा आणि तुमची इच्छा यांची भेट कुठं होते ते सांगा, मी तिथं येऊन उभी राहते. पण तिनं ते गिळलं. सुनेचा पाय डोळ्यांपुढं आला. एक दिवस खुर्चीत बसायचं, एक फोटो काढू द्यायचा, आणि पोरीचा पाय वाचणार असेल तर काय हरकत आहे. आयुष्यात पहिल्यांदा ती गप्प राहिली. आणि तिथंच चुकली.

कारण ठसका घरी बसून लिंबं चोळत होती, तेव्हा तिच्या वाटचं कापड कोण तुडवत होतं? हौद तर थांबत नाही. मुकादमानं सुनेलाच दोन्हीकडं लावलं. घरचंच माणूस आहे, घरच्याचं काम करील, असा त्याचा हिशेब. आणि सून बोलली नाही. तिला वाटलं, आईंना एवढा मान मिळतोय, त्यात आपलं रडगाणं कशाला. संध्याकाळी म्हणायची, आज नको पाय धुवायला, आज दमले, आज दुखत नाहीये. मोजे घालून भिंतीकडं तोंड करून झोपायची. आणि ठसका, जिच्या नजरेतून मुंगी सुटायची नाही, ती स्वतःच्या टाचेकडं बघत बसली होती. खरंच उतरला होता हो रंग. टाच चक्क गोरी दिसायला लागली होती. शेजारणीनं खिडकी उघडून बघितली.

गुरुवारी दुपार कलल्यावर ठसका तयार झाली. स्वच्छ कपडे, पांढरे मोजे. उपासनेचं घर कारखान्याच्या समोरच्याच गल्लीत. म्हटलं, सुनेला सुटता सुटता बरोबर घेऊन जावं. म्हणून ती आत गेली.

सून हौदाच्या काठाला दोन्ही हातांनी धरून उभी होती. तुडवत नव्हती, नुसती एका पायावरून दुसऱ्या पायावर होत होती, आणि एका पायावर आली की डोळे मिटायची. घोट्याला चिंध्यांची जाड पट्टी, पाण्यानं टम्म झालेली.

ठसकानं तिला काखेत हात घालून वर ओढलं. पट्टीची कड उचलून बघितलं. मग पुन्हा तशीच ठेवली. तिचं तोंड असं झालं की मुकादम दोन पावलं मागं सरकला. त्यानं म्हटलं, पाणी आणतो, धुऊन काढा. ठसका म्हणाली, नको, धुवायला माणूस ठरलेला आहे.

सुनेच्या ध्यानात आलं आणि ती रडकुंडीला आली. म्हणाली, मी नाही येणार, मालक आहेत ते, मला लाज वाटते. ठसकानं स्वतःचे पांढरे मोजे काढले, कमरेला खोचले आणि तिचा हात आपल्या खांद्यावर घेतला.

"लाज तुझी नाहीये, पोरी. कुणाची तरी आपल्या घरात येऊन पडलीय. ज्याची त्याला नेऊन देऊ."

गल्ली ओलांडताना सून लंगडत होती आणि मागं ओल्या पावलांचे ठसे पडत होते, हिरवट, मग निळे.

आत उपासना सुरू झाली होती. खुर्च्यांवर अकरा जण, उघडे पाय, पावडरीचा वास. मालक गुडघ्यांवर होते. त्यांच्या गुडघ्यांखाली छोटी गादी, आणि ते एका खुर्चीवरून पुढच्या खुर्चीकडे निघाले की दुसरे पंच ती गादी पुढं सरकवायचे. पाळक प्रसंग वाचत होता. मागच्या बाकांवर हौदातल्या बायका बसल्या होत्या, पाय बाकाखाली ओढून. शेवटची खुर्ची रिकामी होती. ठसका बाजूच्या दारानं आली आणि तिच्यात बसली, आणि सून मागं भिंतीला टेकून उभी राहिली.

मालक मान खाली घालूनच काम करायचे. एकेकाचे पाय, थोडं पाणी, टॉवेलनं टिपायचं, पुढं. डॉक्टर झाले. बँकेचे साहेब झाले, त्यांनी डोळे मिटून घेतले होते. गादी सरकली. मालक शेवटच्या खुर्चीपाशी आले. तेवढ्यात ठसका उठली आणि सुनेला खांद्यांना धरून त्या खुर्चीत बसवलं.

मालकांना खालून फक्त पाय दिसले. निळे, आणि एकाला गळणारी पट्टी. त्यांनी मान वर केली. सून दिसली, तिच्यामागं ठसका. त्यांनी अगदी हळू, फक्त त्या दोघींना ऐकू जाईल असं म्हटलं की बाई, हे काय, हे नंतर बघू.

ठसका सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलली.

"वाकलाच आहात मालक, तर आता बघून घ्या."

कुजबुज उठली. बँकेच्या साहेबांनी डोळे उघडले आणि म्हणाले, कुणीतरी हिला बाहेर न्या. दुसरे पंच गादी धरून तसेच उभे, पुढं सरकवू की मागं त्यांना कळेना. पाळकाचे कान लालभडक झाले होते. पण त्यानं एक केलं. वाचन थांबवलं नाही. आवाज कापत होता, पण तो वाचत राहिला. पेत्रापाशी आला होता तो, पेत्र हा शिष्य जिथं म्हणतो की प्रभू, तुम्ही माझे पाय धुवायचे नाहीत, तिथं. त्या पोरट्याला मी त्यासाठी पैकीच्या पैकी गुण देतो.

आणि बघा कसं असतं, सुनेनंही पाय मागं ओढला. म्हणाली, साहेब, राहू द्या.

ती फट होती. मालकांना तिच्यातून बाहेर पडता आलं असतं. नाही म्हणते तर नाही, तिची इच्छा, असं म्हणून उठता आलं असतं, आणि सगळ्यांनी सुटकेचा श्वास सोडला असता. सुनेला ढकलून उपयोग नव्हता, ते पोरीनंच ठरवायला पाहिजे होतं. ठसकानं फक्त तिच्या खांद्यावरचा हात काढला नाही.

सुनेनं मालकांकडं बघितलं. मग घंगाळाकडं. आणि पाय पुढं केला.

"नाही, धुवा. दुखेल तिथं मी सांगते."

मालकांनी पट्टी सोडायला घेतली. एक वेढा, दुसरा वेढा. आतल्या चिंध्या हौदाच्या पाण्यानं भिजलेल्या, ते पाणी त्यांच्या हातांवरून मनगटांपर्यंत ओघळलं. शेवटची चिंधी चिकटली होती. सून म्हणाली, इथं दुखतंय. मालक थांबले. पाणी घालून, भिजवून, हलकेच सोडवली. आणि मग जे होतं ते समोर आलं. मी वर्णन करत नाही, तुम्हाला अजून चहा प्यायचाय. एवढंच सांगतो की हाड फार लांब नव्हतं.

इतकी वर्षं त्या माणसानं कापड बघितलं होतं. कापडाखाली पाय असतात हे त्याला माहीत होतं, पण बघितले नव्हते. तो तिथं बसून राहिला. फोटोवाल्यानं कॅमेरा खाली केला. मग मालकांनी धुवायला सुरुवात केली. टिपून नाही. बोट फिरवून, चुना काढत, दोन्ही हातांनी. बराच वेळ. घंगाळातलं पाणी गढूळ हिरवं झालं. टॉवेल हिरवा झाला. मध्येच सून म्हणायची, इथं, आणि ते थांबायचे.

आता ते आठवा, रंगाची खोड. मागच्या बाकांवरच्या बायकांनी मालकांचे हिरवे हात बघितले आणि श्वास रोखले. पुढं काय होणार ते त्यांना माहीत. डॉक्टरला, साहेबांना, मुख्याध्यापकांना माहीत नाही. पण मालकांना माहीत होतं. त्यांचाच तर कारखाना. रीत अशी होती की पाय धुऊन झाले की मोठ्या पंचांनी पुढं जायचं, सगळ्यांकडं तोंड करायचं आणि दोन्ही हात वर करून शेवटची प्रार्थना करायची. ते उठले. हातांकडं बघितलं. खिशात घालता आले असते. पुढच्या टोकापर्यंत चालत जाईस्तोवर वारा लागला आणि ते हात रंगत गेले, पोपटी, मोरपंखी, मग निळे.

त्यांनी हात वर केले. मनगटांपर्यंत निळेशार. समोर सगळी मंडळी. ते प्रार्थना करायला तोंड उघडायचे आणि शब्द यायचा नाही. शेवटी पाळकानंच आमेन म्हटलं. आणि गंमत सांगू का, त्या दिवशी त्यांच्या डोळ्यांत पाणी नव्हतं.

बाहेर आल्यावर पंचांनी ठसकाला घेरलं. एक म्हणाला माफी माग, दुसरा म्हणाला या बाईत नम्रतेचा कणही नाही, तिसऱ्याला टॉवेलचीच पडली होती. मालक हात मागं धरून उभे होते. ते म्हणाले, "तुम्ही देवाच्या घरात माझा अपमान केलात."

"प्रभूच्या जागी तुम्ही बसला होतात, मालक. मी बसवलं नव्हतं. मी फक्त खरा पाय आणला."

दुसरे पंच म्हणाले, सणानंतर तुझं काय करायचं ते बघू. ठसका म्हणाली, बघा, मीही तिथंच असेन.

पुनरुत्थानाच्या रविवारी, ईस्टरला, मालकांनी प्रभुभोजनाची भाकर वाटली ती निळ्या नखांनी. एका पोरीनं आईला मोठ्यांदा विचारलं की यांनी काय सांडलं. आईनं तिच्या तोंडावर हात ठेवला.

सण संपला. कामाच्या पहिल्या सकाळी ठसका हौदापाशी आली आणि काठावर बसली. आत उतरली नाही. तिच्याशेजारी दुसरी बसली, मग तिसरी. पाहता पाहता सगळ्या, कोरडे पाय काठावरून खाली सोडून, पाण्याच्या वर. मुकादमानं आधी दम दिला, मग गयावया केली, मग मालकांना बोलावून आणलं. हौदातलं पाणी एकदा तयार झालं की कापडाची वाट बघत नाही, त्यातला रंग उतरत जातो.

मालक आले. तेच जुनं म्हणाले, पण आवाज नेहमीचा नव्हता. बुटानं कापडावर वळ उठतील.

"उठू द्या," ठसका म्हणाली. "वळ कापडावर उठतील, नाहीतर पोरींच्या पायांवर. कुठं ते तुम्ही ठरवा. आम्ही बसलोय."

मालकांनी विचारलं, ती कुठं आहे, सून. घरी आहे, पाय उशीवर ठेवून, ठसका म्हणाली. तिच्या जागी कोण लावलंय? कुणी नाही, जागा तिची आहे. मालक त्या रिकाम्या जागेकडं बघत राहिले. फुटलेली फरशी तिथंच होती. मग ते वळले आणि गेले. हो नाही, ना नाही. बायका दिवसभर बसल्या. हौदातलं पाणी सगळं वाया गेलं. काहींना घरचं आठवून रडू येत होतं, पण उठली एकही नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी एक हातगाडी दारात आली. तिच्यावर गमबूट. फुटलेली फरशीही काढून टाकलेली दिसली. बूट सगळे एकाच मापाचे, पुरुषी, धिप्पाड माणसाच्या मापाचे. एकीनं पाय घातला तर बूट जागेवर आणि बाई पुढं. काय हसल्या त्या दिवशी. पण घातले. चिंध्या कोंबून घातले.

कापडावर वळ उठले का म्हणाल, तर उठले. थोडे. मालक त्यात खोटं बोलत नव्हते. पण तंबूखाली झोपणाऱ्यानं आजवर वर बघून तक्रार केलेली नाही. सुनेचा पाय राहिला. जरा वाकडा भरला, हवा बदलली की लंगडते. पंचांनी ठराव केला की ठसकाला पुन्हा त्या खुर्चीत बसवायचं नाही. ती म्हणाली, खुर्ची तशीही टोचत होती. लोक मला विचारतात, मालक बदलले का. मला कुणाच्या आतलं काय कळतंय. एवढं बघितलंय की अजूनही शेवटच्या बाकावर बसतात. पूर्वी कुणीतरी उठून पुढं नेईपर्यंत बसायचे, आता कुणी न्यायला आलं की मान हलवतात आणि तिथंच बसून राहतात. हौदातल्या बायकांशेजारी.

आणि ठसका नम्र झाली का? नाव काढू नका. परवाच पाळकाला तोंडावर म्हणाली की तुझं प्रवचन ऐकून माझा पाय झोपला. संध्याकाळी मात्र दारात पाणी तापवून बसते. ज्या बाईच्या टाचा फुटल्यात तिनं यायचं, पाय पुढं करायचा. कुणाला नाही म्हणत नाही. शेजारीणसुद्धा येऊन गेली म्हणे.

आला बघा चहा. घ्या. आणि माझं एक काम करा. ते बूट अजूनही मोठेच होतात हो, चिंध्या गोळा होतात तळव्याखाली. घरी जुने जाडे मोजे पडले असतील तर येताना घेऊन या. जोडी नसली तरी चालेल. धुतलेले नसले तरी चालेल, ती धुते.